पंधरावं कोकरू

मित्रांनो, ओळख करून देताना आपले चांगले गुण आधी सांगायची पद्धत आहे. मी उलटं करते. मी जळकुकडी आहे. शेजारच्या खुंटीवर कुणी नवी शाल टांगली तरी माझ्या पोटात दुखतं. आता बाकीचं सांगते. मी काळ्या लोकरीची, पांढऱ्या काठाची घोंगडी आहे. वय पस्तीस. अंगावर सात भोकं आहेत आणि सातही बिडीची आहेत. माझा मालक मल्हारी बिडी ओढता ओढता डुलक्या घेतो आणि चटका बसतो मला.

मल्हारी पडेगावच्या पुढे दौलताबादच्या रस्त्याला मेंढरं राखतो. माझा जन्म त्याच मेंढरांच्या पाठीवर झाला. लोकर कातरली, पिंजली, मग मल्हारीच्या आईने दारात बसून तिचं सूत कातलं. सणगराने खड्ड्यातल्या मागावर मला विणलं, चिंचोक्याची खळ लावली आणि उन्हात ताणून वाळवलं. नवी होते तेव्हा मी फार टोचायचे. मल्हारीची नवी नवरी सुगंधाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "ही घोंगडी हाय का साळिंदर?" तेव्हापासून तिचं नि माझं बेतास बातच आहे.

पण माळावर माझा मान मोठा होता. थंडीच्या दिवसांत एखादी मेंढी दिवस भरायच्या आत विते. तिचं कोकरू इतकं दुबळं असतं की उभं राहत नाही, आचळ धरत नाही, अंग थंड पडत जातं. मग मल्हारी सदऱ्याची बटणं सोडायचा, कोकरू आत छातीला लावायचा, वरून माझी खोळ घ्यायचा आणि तसाच दिवसभर कळपामागे चालायचा. चार-पाच दिवसांत कोकरू आतून ओरडायला लागायचं. अशी चौदा कोकरं जगली. आजूबाजूचे मेंढपाळ म्हणायचे, "मल्हारीच्या घोंगडीत काहीतरी हाय." बघा, मल्हारीत नव्हे, घोंगडीत! मी फुगून दुप्पट व्हायचे.

पंधरावं कोकरू मात्र गेलं. ते मुळातच मरतुकडं होतं, त्याला माझा काय इलाज? मल्हारीने त्याचं नाव पुन्हा काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

घरातही माझी एक रीत होती. लेकरू जन्मलं, त्याची पहिली आंघोळ झाली, की मला चार पदरी घडी करून अंथरायचं, वर चिमूटभर भंडारा टाकायचा आणि लेकरू माझ्यावर ठेवायचं. मल्हारीचा मुलगा रामहरी असाच माझ्यावर पहिल्यांदा झोपला. तोच रामहरी मोठा झाला, वाळूजला कंपनीत लागला आणि पहिल्या पगारात काय घेऊन आला? गुबगुबीत ब्लँकेट, त्यावर वाघाचं चित्र. अंगावर वाघ छापला म्हणून कुणी वाघ होतं का? पण घरात सगळ्यांना ते मऊ लागलं. मी खुंटीवर गेले आणि मल्हारीखेरीज मला कुणी हात लावेना.

मग रामहरीची बायको ज्ञानेश्वरी हिला दिवस गेले. सातवा सरत आला तशी सुगंधाबाईने स्वतः मला खुंटीवरून काढलं, झटकलं, ऊन दाखवलं, कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलं. वाघ तसाच पलंगावर पडून होता. मी मनात म्हटलं, बघ आता कुणाची गरज पडते ते. अजून दोन महिने बाकी होते आणि मी दिवस मोजत होते.

पण दोन महिने मिळाले नाहीत. पौषातल्या एका सकाळी ज्ञानेश्वरीचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. आरोग्य केंद्रात रक्तदाब इतका वाढलेला निघाला की तिथूनच रुग्णवाहिकेत घालून शहरात पाठवलं. मल्हारीने घरून निघतानाच मला खांद्यावर टाकलं होतं. क्रांती चौकातल्या गर्दीतून गाडी भोंगा वाजवत गेली. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, बाळ आजच बाहेर काढावं लागेल, थांबलो तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे.

दुपारी मुलगी झाली. एक किलो दोनशे चाळीस ग्रॅम. मल्हारी आकडा ऐकून म्हणाला, "माझं कोकरू बी याच्या दुप्पट असतं."

आणि मग तिला कुठे ठेवलं? माझ्यावर नाही. एका काचेच्या पेटीत.

मित्रांनो, त्या पेटीविषयी मी चांगलं बोलणार नाही असं ठरवलं होतं. ती चकचकीत होती. तिच्या पोटात सतत ऊब होती, वर आकडे चमकत होते आणि ती बोलतही होती, टीं टीं करून. येणारा जाणारा तिच्याकडे बघायचा. घरच्यांचा पहिला प्रश्न, "पेटी काय म्हणती?" मला तर दारातच अडवलं. तनुजा सिस्टर म्हणून तिथल्या मुख्य नर्स, चाळिशीच्या, बोलायला सरळ. त्या मल्हारीला म्हणाल्या, "आजोबा, घोंगडी आत चालणार नाय. लोकरीत धूळ असती, जंतू असतात. आत आलेली लेकरं लई नाजूक हायत." मला जंतू म्हणाली! चौदा जीव वाचवणारीला!

दाराला काचेची खिडकी होती. मल्हारी मला खांद्यावर घेऊन तिथे उभा राहायचा, म्हणून मलाही आतलं दिसायचं. पोरगी तांबडीलाल होती. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजाव्यात. हातपाय काटक्यांसारखे सैल पसरलेले. पूर्ण दिवसांची बाळं हातपाय पोटाशी आवळून घेतात, हिला तेवढंही बळ नव्हतं. खांद्यावर आणि पाठीवर बारीक, मऊ लव होती.

"सिस्टरबाई, पोरीच्या अंगावर लोकर हाय की," मल्हारी म्हणाला.

"ती पोटातली लव हाय, आजोबा. दिवस भरत आले की आपोआप गळती. हिला तेवढा वख्त मिळाला नाय."

"कान दुमडला तर दुमडलेलाच ऱ्हात असंल."

सिस्टर थांबल्या. "व्हय. तुमाला कसं ठावं?"

"अपुऱ्या दिसाच्या कोकराचं तसंच असतं. कानात जोर नसतो. चोखायला बी येत नसंल हिला."

"नाय येत. आईचं दूध काढून नळीनं देतो. एका टायमाला चमचाभर."

"अन् तळपाय? लई गुळगुळीत दिसायलेत."

"रेघा उमटायच्या ऱ्हायल्यात अजून." सिस्टर हसल्या. "आजोबा, तुमी निम्मे डॉक्टर हाव."

मल्हारीला बरं वाटलं आणि मलाही. माझ्या मालकाचं कौतुक म्हणजे माझंच.

पाचवा दिवस आला. त्या दिवशी सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते म्हणतात. सुगंधाबाई बाकावर बसून पदराने डोळे पुसत होती. "काचंतून सटवाई कशी लिहील वं?" मी मनात म्हटलं, माझ्यावर झोपली असती तर ही पंचाईत नसती.

त्याच सकाळी वजन झालं. एक किलो एकशे तीस.

सुगंधाबाई ताडकन उठली. "आता गं बया! आली तवा बाराशे चाळीस व्हती. एकशे दहा ग्राम कमी! लेकरू रोज घटायलंय. ती पेटी खायलीय लेकराला!"

मित्रांनो, इथे खोटं बोलले तर पापच लागेल. मला बरं वाटलं. पोर घटली हे ऐकून मला बरं वाटलं, कारण पेटी हरत होती. आपण कुणाच्या जिवावर खूश होतोय हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

मल्हारीने मला खांद्यावर सारखं केलं आणि सिस्टरांपुढे जाऊन उभा राहिला. "सुट्टी द्या आमाला. लेकरू घरी नेतो."

रामहरी धावत आला. त्याला चार दिवसांपासून सर्दी होती, नाकावर रुमाल धरून तो लांबूनच म्हणाला, "आबा, असं कामून करायले? डॉक्टरांना इचारू तर द्या."

"त्यात काय इचारायचं? चौदा कोकरं जगवलीत म्या या घोंगडीत. तवा कुठं पेटी व्हती? नात काय कोकरापरीस जड हाय?"

वा रे माझा मालक! माझा काठ न् काठ ताठ झाला. पेटीकडे बघून मी मनातल्या मनात म्हटलं, आता पोरगी माझी.

सिस्टर रागावल्या नाहीत. "आजोबा, सगळीच लेकरं पहिल्या आठवड्यात घटतात. अंगातलं जास्तीचं पाणी उतरतं. पूर्ण दिसाचं घटतं, तसं हे बी घटतं, जरा जास्त. दहा-पंधरा दिवसांत जन्माचं वजन परत येईल. पेटी खात नाय कुणाला."

"तुमी म्हणता. पर..."

मल्हारीचं बोलणं अर्धंच राहिलं. आतून पेटीचा आवाज बदलला. टीं टीं नव्हे, एक लांब, न थांबणारा आवाज. खिडकीतून दिसलं, पोरीची छाती हलत नव्हती. ओठ निळसर झाले होते. सिस्टर आत धावल्या, पेटीच्या गोल झरोक्यातून हात घातला आणि पोरीचा तळपाय बोटाने चोळला. एकदा. दोनदा. मल्हारीची बोटं माझ्यात रुतली होती. तिसऱ्यांदा चोळल्यावर पोरीने अंग झटकलं, छाती वर आली आणि रंग परतला.

सिस्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांच्याही कपाळावर घाम होता. "श्वास घ्यायचा विसरती ती, आजोबा. डोक्यातला कारभार अजून कच्चा हाय. औषध चालू हाय, तरी दिवसातनं तीन-चार बार विसरती. अंगाला लावलेल्या तारेमुळं पेटी ओरडती म्हणून आमाला कळतं. घोंगडीत गुंडाळल्यावर कोण ओरडंल?"

मल्हारी बाकावर बसला. मला मांडीवर घेतलं आणि माझ्या भोकांमधून बोट फिरवत राहिला.

"पंधरा व्हती, सिस्टरबाई," तो म्हणाला. "चौदा नव्हं, पंधरा."

मला वाटलं, आता हा कशाला ते मढं उकरतोय?

"त्या दिशी रामहरीला ताप व्हता. पाच वर्साचा असंल. त्याला डॉक्टरकडं न्यायचं व्हतं. कोकरू छातीचं काढलं, घोंगडीत चांगलं आवळून गुंडाळलं अन् बाभळीखाली ठिवलं. म्हनलं, घोंगडी हाय, फिकीर नाय. दोन-तीन तासांनी आलो. गुंडाळी जशीच्या तशी, अन् आत कोकरू थंडगार. घोंगडी तीच व्हती. मी नव्हतो. मला तवाच कळलं, ऊब घोंगडीची नव्हतीच कधी. पर कुणापाशी बोललो नाय. घोंगडीचं नाव व्हतं, ऱ्हाऊ दिलं."

मी त्याच्या मांडीवर दगडासारखी पडून राहिले. इतकी वर्षं मी ते कोकरू मरतुकडं होतं असं सांगत आले. ते मरतुकडं नव्हतं. चौदा जशी होती तसंच तेही होतं. फक्त त्या दिवशी माझ्या आत मल्हारी नव्हता. लोकर ऊब अडवते, मित्रांनो, तयार करत नाही. माझं सगळं नाव दुसऱ्याच्या छातीवर उभं होतं आणि मी त्या छातीला कधी विचारात घेतलं नव्हतं.

सुगंधाबाईने हळूच विचारलं, "मग काय करायचं वं?"

"ऱ्हाऊ दे तिला पेटीत," मल्हारी म्हणाला.

त्यानंतर मल्हारी रोज येत राहिला आणि मी रोज गप्प राहू लागले. हळूहळू पोरीचं श्वास विसरणं कमी झालं. बाराव्या दिवशी तनुजा सिस्टर स्वतःहून बाकापाशी आल्या. "आजोबा, एक काम सांगते. लेकराला उघड्या छातीशी धरायचं, कातडीला कातडी लावून. त्यानं ऊब मिळते, श्वास ठीक चालतो, वजन वाढतं. आईनंच धरावं, पर तिचा बीपी अजून उतरंना, उठून बसवत नाय. रामहरीची सर्दी जायना. तुमी धरता का?"

"ह्ये तर आमचं कोकराचंच काम," मल्हारी म्हणाला.

"व्हय. पर अट हाय. आंघोळ, कापलेली नखं, धुतलेला सदरा. अन् बिडी बंद. एक बी नाय. लेकराचं फुप्फुस कच्चं हाय."

मल्हारीने खिशातून बिडीचं बंडल काढलं, काडेपेटीही काढली आणि दोन्ही कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं. एका झटक्यात! माझ्या अंगावर सात भोकं पडली, माझ्यासाठी त्याने एक झुरका कमी केला नव्हता. आणि हिच्यासाठी, जिला अजून नावसुद्धा नव्हतं! खरं सांगते, माझा अगदी तीळपापड झाला.

तो आत गेला. मी बाहेर राहिले. सुगंधाबाईने मला खांद्यावर घेतलं आणि आम्ही दोघी, ज्यांचं कधी जमलं नाही त्या, खिडकीला नाक लावून उभ्या राहिलो. मल्हारी खुर्चीत रेलून बसला होता, सदरा उघडा. सिस्टरांनी पोरीला टोपी, मोजे आणि लंगोट एवढ्यावर त्याच्या छातीवर उभं ठेवलं, पाय बेडकासारखे दुमडून, गाल एका बाजूला वळवून नाक मोकळं ठेवून, आणि वरून स्वच्छ सुती कापडाने दोघांना बांधलं. मल्हारी हललाही नाही. श्वाससुद्धा जपून घेत होता. पोरीने आधी तोंड वेडंवाकडं केलं, मग तिची मूठ उघडली आणि छातीवरच्या पांढऱ्या केसांना तिने घट्ट धरलं.

ती माझी जागा होती. पस्तीस वर्षं त्या छातीवर माझा हक्क होता. आणि आता तिथे एक सुती फडकं बांधलं होतं.

मी पेटीकडे पाहिलं. तीही रिकामी होती. एक झरोका उघडा, आत दुमडलेलं कापड. ती आता टीं टीं करत नव्हती. तिलाही कुणी विचारत नव्हतं. पहिल्यांदाच मला ती आपल्यातली वाटली.

चार दिवस मल्हारीने असं धरलं. पंधराव्या दिवशी वजन जन्माएवढं झालं. सोळाव्या दिवशी ज्ञानेश्वरी भिंतीला धरत धरत चालत आली. चेहरा सुकलेला, पण नजर सरळ सासऱ्यावर.

"मामा, तुमचं झालं आसंल तर माझी पोर मला द्या."

मल्हारी गडबडून उठायला गेला.

"पंधरा दिस मी नळीतनं दूध धाडलं. तुमी छातीला लावली. मी तिकडं खाटेवर पडून ऐकायचे, आजोबानं धरली, आजोबापाशी गप झाली. मला लई..."

तिला काय म्हणायचं होतं ते त्या दवाखान्यात माझ्याइतकं कुणाला कळणार? मल्हारीला ओशाळल्यासारखं झालं. सिस्टरांनी पोरीला उचलून तिच्या छातीशी बांधलं तसा तो बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं तोंड माझ्यासारखंच झालं होतं.

मग रोज वीस-पंचवीस ग्रॅमने पोर वाढत गेली. नळी गेली, वाटी-चमचा आला, मग ती अंगावर प्यायला शिकली. लव गळून गेली. दुमडलेला कान सोडला की सरळ व्हायला लागला. एकेचाळिसाव्या दिवशी वजन एक किलो आठशे भरलं आणि सुट्टी मिळाली. निघताना तनुजा सिस्टरांनी सुगंधाबाईला बजावलं, "शेगडीचा शेक नको, धुरी नको, आंघोळीची घाई नको. छातीला धरणं घरी बी चालू ठेवा."

घरी आल्यावर पोरीचं नाव ठेवलं, प्रांजली. आणि सुगंधाबाईने, मित्रांनो, मला काढलं. आदल्या दिवशी धुवून उन्हात वाळवलं होतं. तिने मला चार पदरी घडी करून पलंगावर अंथरलं, वाघाला बाजूला सारून. वर चिमूटभर भंडारा टाकला. माझी वेळ आली होती. ज्ञानेश्वरी पोरीला घेऊन वाकली.

"थांब," मल्हारी म्हणाला. "घडी मोड."

"अवो, घराची रीत हाय," सुगंधाबाई म्हणाली. "रामहरीला ठिवलं नव्हतं का?"

"रामहरी पुऱ्या दिसाचा व्हता. हिला एकटं ठिवायचं नाय, घोंगडीवर नाय अन् घोंगडीत बी नाय."

"मग घोंगडीचं काय करायचं?"

मल्हारीने ज्ञानेश्वरीला भिंतीला टेकून बसवलं. प्रांजली तिच्या छातीशी बांधलेली होती. मग त्याने मला उचललं, झटकलं आणि सुनेच्या पाठीवरून, खांद्यांवरून घेतलं. झटकताना उडालेला थोडा भंडारा तिच्या केसांत पडला.

मला त्या पोरीचा स्पर्श झाला नाही, आजही झालेला नाही. माझ्यात आणि तिच्यात एक अख्खी बाई होती. हेवा वाटला का? वाटला, फार वाटला. पण थोड्या वेळाने त्या दोघींची ऊब माझ्यापर्यंत पोचली, आणि मी ती बाहेर जाऊ दिली नाही. जमतं ते एवढंच, पण एवढं मला फार चांगलं जमतं. बाभळीखाली, त्या दिवशी, मला अडवायला ऊबच दिली नव्हती.

म्हणून मित्रांनो, या जळकुकड्या म्हातारीची एक विनंती ऐका. तुमच्या घरी अपुऱ्या दिवसांचं, हलक्या वजनाचं बाळ आलं तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस त्याला पेटीत राहू द्या. त्यांनी हो म्हटलं की कुणीतरी छातीशी धरा, आईने, बापाने, आजोबाने. मला गुंडाळून, "घोंगडी हाय, फिकीर नाय," म्हणत निघून जाऊ नका. मला त्या धरणाऱ्या माणसाच्या पाठीवर टाका. मला हेवा वाटेल. वाटू द्या.